ओवा, सुंठ आणि चौकशी

पोट दुखतंय असं कुणी म्हटलं की आमच्या सासरी पातेलं नंतर चढायचं, आधी चौकशी व्हायची. सासूबाई हातातलं काम ठेवायच्या नाहीत. मेथी निवडता निवडता, मान वर न करता, विचारायच्या, "कुठं?" दुखणाऱ्याने पोटावरून नुसता गोल हात फिरवला तर ते उत्तर धरलं जायचं नाही. "बोट ठेव." मग बेंबीच्या वर की खाली, कळ थांबून थांबून येते की एकसारखं ठणकतं, जेवणाआधी की जेवणानंतर, ढेकर आली का, आली तर आंबट की करपट, सकाळी कोठा साफ झाला होता का. आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून, "काल कुणाकडे काय खाल्लंस?" या प्रश्नाला आमच्या घरात पुष्कळ खोटं बोललं गेलंय. त्यांना ते कळायचं. त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त ओव्याची चिमूट थोडी मोठी व्हायची.

फडताळात खालच्या कप्प्यात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात औषधाच्या धुऊन वाळवलेल्या बाटल्या. ओवा, बाळंतशोपा, सुंठ, पिंपळी, वेखंड, मुरडशेंग, हिंगाचा खडा. हिंगाला स्वतंत्र बाटली आणि त्या बाटलीला वर प्लास्टिकची पिशवी, तरी डबा उघडला की पहिला नमस्कार हिंगाचाच. पोट फुगून तटतटलंय, वर-खाली काही सरकत नाही, तर ओवा. दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत तसंच पोटात बसून आहे असं वाटतंय, तर सुंठीचं पाणी, वर जरासा गूळ. मळमळतंय, तर आल्याचा रस नि लिंबू. मुरडा आला तर मुरडशेंग उगाळून. आणि घशाशी येतंय, छातीत जळजळतंय म्हटलं की डबा बंद. मग रात्री धने भरडून पाण्यात भिजत घालायचे आणि सकाळी ते पाणी गाळून, खडीसाखर घालून, चहाच्या आधी प्यायचं. जळजळीला त्या आल्या-ओव्याच्या वाटेला कधी गेल्या नाहीत.

म्हणजे 'पोट दुखतंय' या एका तक्रारीला घरात चार-पाच निरनिराळी पाणी होती, आणि कुठलं द्यायचं ते चौकशीत ठरायचं. आज बाजारात पोटाच्या चहाची खोकी हारीने मांडलेली दिसतात आणि मला ती आवडतातही. पण 'पचनासाठी' एवढा एकच शब्द वर छापलेला असतो. कुठल्या पचनासाठी, हे खोकं कसं विचारणार?

ओव्याचा दाणा कधी भिंगाखाली धरून पाहावा. आपण त्याला बी म्हणतो, पण ते अख्खं फळ असतं, चिमुकलं आणि वाळलेलं. पाठीवर उभ्या रेषा, अंगावर बारीक खरखर, टोकाला फुलाच्या देठाचा अवशेष. त्या उभ्या कण्यांच्या मधल्या खाचांखाली तेलाच्या नळ्या असतात, केसाएवढ्या. औषध म्हणतात ते सगळं त्या नळ्यांत. दाणा अख्खाच गरम पाण्यात टाकला तर नळ्या बंदच राहतात आणि पाणी नुसतं पिवळट होतं. म्हणून सासूबाई ओवा तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने रगडायच्या. फुंकर मारून कोंडा उडवला की तळहातावर उरायचे ते जरा काळपट, ओलसर झालेले दाणे, आणि वास असा की शेजारी बसलेल्याच्या डोळ्यांत यावा. मग ते भांड्यात, वर कढत पाणी, आणि लगेच झाकण. झाकणाबद्दल त्या फार कडक होत्या. मी नवी नवी असताना ओवा खळखळा उकळत ठेवला होता तेव्हा म्हणाल्या होत्या, "सगळं औषध भिंतींना पाजलंस." खरंच होतं ते. सबंध स्वयंपाकघरात वास दरवळला म्हणजे तेवढं तेल वाफेबरोबर गेलं, पेल्यात उरला कडवटपणा.

जुन्या वैद्यकात या गोष्टीचा हिशेब फार नेटका ठेवलेला आहे. शार्ङ्गधराने आपल्या ग्रंथात काढा, फांट आणि हिम अशा वेगवेगळ्या कृती मापांसकट दिल्या. काढ्याला औषधाच्या १६ पट पाणी घालून ते आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. फांटाला भरडलेल्या औषधावर ४ पट कढत पाणी ओतायचं, मुरू द्यायचं आणि गाळायचं, उकळायचं नाही. हिमाला ६ पट गार पाणी आणि रात्रभराची सवड. साली, मुळ्या, काष्ठ यांच्यातलं सत्त्व आटवल्याशिवाय सुटत नाही. सुगंधी दाण्यांचं मात्र आटवण्याने नुकसानच होतं. आपण सरसकट ज्याला काढा म्हणतो त्यातले निम्मे खरं तर फांट आहेत किंवा असायला हवेत. धन्याचं ते रात्रीचं पाणी म्हणजे हिम, साखरेसकट आणि पहाटेच्या वेळेसकट ग्रंथात सांगितलेलं. सासूबाईंनी शार्ङ्गधर वाचला नव्हता. त्यांनी त्यांच्या चुलतसासूचा ओरडा खाल्ला होता. रस्ता निराळा, पण झाकण तेच.

ओव्याच्या तेलातला मुख्य ऐवज म्हणजे थायमॉल. १७१९ साली बर्लिनमधल्या कास्पार नॉयमान नावाच्या औषधतज्ज्ञाने तो पहिल्यांदा वेगळा काढला, पण थाइम नावाच्या युरोपी झुडपातून. पुढे कळलं की तोच माल ओव्यात जास्त आहे. मग पहिल्या महायुद्धाआधी आपल्याकडचा ओवा बोटींनी जर्मनीला जायचा आणि तिथे त्याचं थायमॉल निघायचं. काष्ठौषधीच्या दुकानात आपण 'ओव्याचं फूल' म्हणून जे पांढरे खडे आणतो ते हेच. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर हे तिन्ही कोरडे खडे एका बाटलीत घालून हलवले की बघता बघता त्यांचं पाणी होतं. एक थेंब पाणी न घालता. ती अमृतधारा. तीन घन पदार्थ एकमेकांच्या संगतीत वितळतात याचं शास्त्र आहे, मिश्रणाचा वितळबिंदू खाली येतो एवढंच, पण लहान मुलाला ते दाखवावं आणि त्याचा चेहरा बघावा. पोटदुखी निम्मी तिथेच राहते. वितळलेलं मात्र फार जहाल असतं. बत्ताशावर एखादा थेंब, आणि बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही.

ओवा, जिरं, धने, बडीशेप, शेपा आणि शहाजिरं ही सगळी एका कुळातली भावंडं, आणि हिंगही त्यांचाच. कोथिंबिरीचा वाफा काढायचा राहून गेला की तिला तुरे येतात ते आठवा: एका बिंदूतून निघालेल्या काड्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला पांढऱ्या फुलांची आणखी एक लहान छत्री. शेपूला तशीच पिवळी छत्री येते, बडीशेपेलाही. आपल्या मिसळणाच्या डब्याचा मोठा भाग आणि पोटाच्या औषधांचा त्याहून मोठा भाग या एका छत्रीखाली वाढलेला आहे. फक्त हिंग तेवढा परदेशी. तो मुळाला चीर देऊन काढलेला चीक, अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान इकडून येणारा. आपण इतकी शतकं आमटीला ज्याचा खडा लावत आलो त्याचं झाड मात्र आपल्याकडे पिकत नव्हतं; २०२० च्या ऑक्टोबरात हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात पालमपूरच्या संशोधन संस्थेने त्याची रोपं लावली तेव्हा कुठे सुरुवात झाली. हिंगसुद्धा कसा द्यायचा याचा विचार आहेच. हिंग्वाष्टकात सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, दोन्ही जिरी आणि हिंग अशी आठ द्रव्यं, आणि ते चूर्ण तुपात कालवून भाताच्या पहिल्या घासाबरोबर. मला हे पाण्यापेक्षाही हुशारीचं वाटतं. बिघडल्यावर धावण्याऐवजी पानावर बसल्या बसल्याच बंदोबस्त.

सुंठीचं मला विशेष कौतुक आहे. आलं आणि सुंठ ही एकाच गड्ड्याची दोन वयं, पण स्वभाव वेगळे. ओल्या आल्यात जिंजेरॉल असतं. वाळताना त्याच्यातून पाणी जातं आणि शोगाओल तयार होतं, जास्त तिखट. म्हणून आल्याचा चटका जिभेच्या टोकाला बसतो आणि सुंठीची ऊब जरा उशिरा, घशाच्या खाली उतरून कळते. मळमळीवर आल्याचा उपयोग होतो हे आता डॉक्टरही मान्य करतात, गरोदरपणातल्या सकाळच्या मळमळीलाही माफक प्रमाणात. पण ज्याला आधीच आम्लपित्त आहे त्याला आल्याचा कडक चहा पाजून 'पोटाला बरं' म्हणणारे लोक मी पाहिलेत, आणि त्या लोकांशी माझं भांडण आहे. उपाशीपोटी, दुधाचा, दुप्पट पत्ती आणि इंचभर आलं. पिणारा तासाभराने छाती चोळत बसतो, आणि त्याला वाटतं आलं अजून घालायला हवं होतं.

पुदिन्याची तीच कथा, जरा उलटी करून. मेंथॉल आतड्याच्या स्नायूंना सैल करतं. आतडं पिळवटतंय, मुरडा येतोय, तेव्हा ही सैल पडण्याची क्रिया अमृतासारखी. सतत पोट बिघडणाऱ्यांना पेपरमिंटच्या तेलाच्या अशा गोळ्या देतात ज्यांचं कवच जठरात विरघळत नाही, पुढे आतड्यात जाऊन विरघळतं. ही खटपट कशासाठी? कारण अन्ननलिका आणि जठर यांच्या मधे जो स्नायूचा दरवाजा आहे त्यालाही मेंथॉल सैल करतं. दरवाजा ढिला पडला की जठरातलं आम्ल वर येतं. म्हणजे एकाच कपाने बेंबीखालचं दुखणं थांबतं आणि बेंबीवरचं वाढतं. "वर की खाली?" हा सासूबाईंचा प्रश्न मला इथे आठवतो. (आपल्या चटणीतला पुदिना बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचा असतो, त्यात मेंथॉल फारसं नसतं. त्याचं पाणी जिभेला छान लागतं, पण त्याच्याकडून पेपरमिंटच्या कामाची अपेक्षा करू नये.)

२०२० साली, करोनाच्या साथीत, सगळ्या देशानेच काढा प्यायला. आयुष मंत्रालयाने प्रमाण दिलं होतं, तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १, आणि दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्या म्हटलं होतं. आमच्या सोसायटीत मात्र काढ्याची अहमहमिका लागली. कुणी मिरी मुठीने घातली, कुणी लवंगा, कुणी लसूण, कुणी दिवसातून पाच वेळा. मे महिन्याच्या उन्हात. जून उजाडेपर्यंत खालच्या मेडिकलवाल्याकडे पित्ताच्या गोळ्या संपल्या होत्या. तोंड आलेले, जळजळणारे, कुणाला मूळव्याधीचा त्रास सुरू झालेला. पण काढा बंद करायला तयार कुणी नाही. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी हा समज आपल्यात फार खोल रुतलेला आहे. ज्येष्ठमध घ्या: गोड, घशाला मऊ, पोटाला शांत, आणि रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब चढवणारं, अंगातलं पोटॅशियम कमी करणारं. औषध म्हणून ज्याचा गुण येतो त्याचा अवगुणही येणारच.

बाळंतिणीचं खाणं मात्र मला अजून निर्दोष वाटतं. जेवण झालं की भाजलेले बाळंतशोपा, ओवा, तीळ, खोबरं असं मूठभर चघळायला, आणि दिवसभर प्यायला शेपांचं कोमट पाणी. या शेपा, म्हणजेच बाळंतशोपा, हे शेपूचं फळ. आणि गंमत अशी की १८५१ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमला विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधवाल्याने बाळांसाठी जे ग्राइप वॉटर बनवलं, त्यातही शेपूचंच तेल होतं. सोबत साखर, खाण्याचा सोडा आणि, हे पुष्कळांना माहीत नसतं, बऱ्यापैकी दारू. बाळं शांत कशाने होत असतील याचा अंदाज प्रत्येकाने आपापला करावा. दारू नंतर काढून टाकली गेली. आपल्याकडे ती बाटली अशी रुळली की घरातल्या शेपा मागे पडल्या आणि शेपूची भाजी बघून नाक मुरडणाऱ्या आया तीच शेपू विकत आणून बाळांना पाजू लागल्या.

सासूबाईंनी एकदा पाणी दिलंच नाही, ते सांगायला हवं. माझा पुतण्या तेव्हा सातवीत होता. सकाळपासून पोट दुखतंय म्हणत होता, शाळा बुडवण्याचा बेत म्हणून आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. दुपारी जेवला नाही तेव्हा चौकशी बसली. बोट ठेव म्हटल्यावर त्याने उजवीकडे खाली ठेवलं. "सकाळी कुठं होतं?" सकाळी बेंबीपाशी. सासूबाईंनी मेथी बाजूला ठेवली. कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "एका पायावर उडी मार बघू." त्याने मारली आणि तिथेच वाकून खाली बसला. डबा निघालाच नाही. "ह्याला ओवा-बिवा काही नाही. रिक्षा आणा." रात्री त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. पोटाचं आतलं अस्तर सुजलं की हादरा सोसत नाही, डॉक्टरही अशीच टाच आपटून किंवा उडी मारून बघायला सांगतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

पेल्याचा हक्क कुठे संपतो हे ज्याला ठाऊक त्यानेच तो भरावा, असं माझं आपलं मत. वरच्या पोटात दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, कळ हातात नाहीतर जबड्यात जातेय, आणि घरातले 'गॅस झालाय' म्हणून ओवा रगडत बसलेत, ही गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात एकदा तरी घडलेली असते. तिथे ओव्याचा दोष नसतो. विचारायचं राहून गेलेलं असतं, किंवा विचारलेलं असतं आणि उत्तराची भीती वाटलेली असते. तसंच रोजच्या रोज, महिनोन्‌महिने जळजळ, वजन उतरतंय, शौचातून रक्त किंवा काळं पडतंय. यातलं काहीही पाण्याने भागवायचं नसतं.

माझी भाची म्युनिकला असते. तिकडे गेल्या गेल्या तिने फोडणीला म्हणून जिरं आणलं, आमटी चढवली आणि रडवेल्या आवाजात फोन केला की मावशी, आमटीला बेकरीसारखा वास येतोय. ते क्यूमेल निघालं, शहाजिऱ्याचा भाऊबंद, तिकडे पावात घालतात. तेव्हापासून ती दुकानातली खोकी नीट वाचते. एकदा तिने पोटाच्या चहाच्या खोक्याचा फोटो पाठवला: फेन्शेल, आनिस, क्यूमेल. बडीशेप, विलायती बडीशेप आणि तेच ते क्यूमेल. तिकडच्या आया बाळांच्या पोटदुखीला हेच देतात म्हणे. मागच्या बाजूला कृती होती, उकळतं पाणी ओता, झाकून ठेवा, ८ ते १० मिनिटं. झाकून ठेवा हे वाचून मला त्या अनोळखी कंपनीबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

परवा तिचा फोन आला. पोट दुखतंय, गोळा आल्यासारखं वाटतंय, घरात पुदिन्याचा चहा आहे, बडीशेपेचा आहे आणि तू दिलेला ओवा आहे, कुठला घेऊ? मी पोळ्या लाटत होते. कुठं, म्हटलं. बेंबीच्या वर. बोट ठेवून सांग. ठेवलं. जळजळतंय? जरा. ढेकर? कोरडी. मळमळ? नाही. कोठा? मावशी, मी ऑफिसात आहे. बरं, काल काय खाल्लंस? काल काहीच नाही विशेष, पास्ता. आणि आज?

पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाली, आज सकाळपासून तीन कॉफ्या झाल्यात. तिच्याकडे दुपारचे साडेतीन वाजले होते.

"चहा ठेव तिकडे," मी म्हटलं. "आधी जेव. घरी जाऊन मऊ भात लाव, त्यात तूप घाल आणि मीठ. मग सांग कसं वाटतंय."